एकेरीवर

माझ्या आईच्या नवऱ्याला मी हाक मारत नसे. हॅनोव्हरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात येऊन मला वर्ष उलटून गेलं होतं आणि तेवढ्या काळात मी त्यांना नावाने, नात्याने किंवा आणखी कशानेही एकदासुद्धा हाक मारली नव्हती. हे वाटतं तितकं सोपं नाही. दूध उतू जात असेल आणि माणूस शेजारच्या खोलीत असेल, तर उठून त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं आणि तो मान वर करेपर्यंत थांबावं लागतं. तोवर दूध शेगडीवर. कोल्हापूरहून मावशी फोनवर सांगायची, "काका म्हण की गं, जीभ झिजतीया काय?" आई म्हणायची, "नुसतं रायनर म्हण, इथे सगळे तसंच म्हणतात." काका म्हणायला ते माझ्या बाबांचे भाऊ नव्हते आणि नुसतं रायनर म्हणायला माझ्या वर्गात नव्हते. बाबा घर सोडून गेले तेव्हा मी इतकी लहान होते, की त्यांची जागा रिकामी आहे हेही मला लोकांकडूनच कळलं. त्या जागेचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की, मी पाचवीत असताना आई मला मावशीकडे ठेवून कंत्राटावर जर्मनीला गेली, सहा महिन्यांत येते म्हणाली, आणि आला तो तिच्या लग्नाचा फोटो. मावशीच्या घरी मी रुळले, मैत्रिणी झाल्या, स्वतःची सायकल झाली, आणि मग तिने मला बोलावून घेतलं. बोलावलं म्हणजे विचारलं नाही.

जर्मन शिकताना मला एक उत्तम हत्यार सापडलं. त्या भाषेत परक्या माणसाला, डॉक्टरला, बँकेतल्या बाईला ‘झी’ म्हणतात, आणि घरच्यांना ‘दू’. आपल्या तुम्ही आणि तू सारखंच, पण एक फरक आहे. घरात कोणालाही झी म्हणत नाहीत. आजोबांना नाही, सासूला नाही, देवालाही नाही. रायनरनी पहिल्याच दिवशी विमानतळावर वाकून माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, मला दू म्हण. मी त्यांना झी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं आणि नंतर रोज म्हणत राहिले. झी, जरा मीठ देता का? झी, आपण बाथरूममध्ये अजून किती वेळ आहात? पाहुणे आले की ते ऐकून त्यांचे काटे हवेत थांबायचे. कोणी विचारलंच तर मी शहाण्या मुलीसारखी सांगे, "आमच्यात मोठ्यांना एकेरी हाक मारत नाहीत." आईला यावर तोंडच नव्हतं, कारण हे तिनेच मला शिकवलं होतं. ती स्वतः रायनरना तू म्हणायची, तेव्हा मावशीला फोनवर ठसका लागायचा: "नवऱ्याला अरेतुरे करतीस व्हय गं?" मावशी त्यांना ‘रायनरराव’ म्हणे. आपण संस्कारी दिसत राहतो आणि घाव मात्र बरोबर बसतो, असं हत्यार तेराव्या वर्षी हातात आलं, तर ते कोण खाली ठेवेल?

घर शांत होतं, फारच शांत. संध्याकाळी स्वयंपाक नाही. लाकडी पाट्या मांडायच्या, त्यावर पाव, चीज, काकडी, आणि सुरीचा खरर्र आवाज. रायनर पावाच्या कडेपर्यंत लोणी असं लावायचे, जसा रंगारी भिंतीच्या भेगांत लांबी भरतो. मावशीने पाठवलेली कांदा-लसूण चटणी मी माझ्या कपाटात ठेवत असे. एकदा आईने ती टेबलावर आणली, रायनरनी लोण्यावर पसरून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलं आणि म्हणाले, "गेनाऊ! अगदी! हेच कमी होतं." तेव्हापासून ते रोज तिच्यासाठी हात पुढे करायला लागले. माझ्याकडे कोल्हापूरचं एवढंच काय ते उरलं होतं आणि तेही ते पावाला लावून संपवत होते. आज लिहितानाही मला त्या बरणीचा तळ दिसतो आणि डोकं तापतं.

शेवटी एका भांडणात मी आईला सांगून टाकलं, मला परत जायचंय. ती सिंकपाशी उभी होती. बराच वेळ नळ चालू ठेवून म्हणाली, "उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभर आपण तिघं बाहेर जाऊ. सुट्टीपुरतं भाड्याचं घर, फेरीनवोनुंग, बुक केलंय आम्ही. तो आठवडा धड वाग. त्यानंतरही जायचं असेल तर मी अडवणार नाही. ताईशी बोलते, तिकीट काढते." आई शब्दाला पक्की नव्हती हे मला माहीत होतं, म्हणून मी ते तिच्याकडून मावशीच्या देखत, व्हिडिओ कॉलवर वदवून घेतलं. मावशीने पदर तोंडाला लावला.

सुट्टी वाळवंटात होती. खोटं नाही, तिथले लोक त्या जागेला वाळवंटच म्हणायचे. हॅनोव्हरहून हॅम्बर्गकडे जाताना मध्ये मोठी माळरानं लागतात, त्यातल्या एका तुकड्यावर पूर्वी सैन्याचे रणगाडे वर्षानुवर्षं फिरले, गवत गेलं ते परत उगवलंच नाही, नुसती वाळू उरली. कोल्हापूरच्या मैत्रिणीने उंटाचा फोटो मागितला. मी तिला मेंढ्यांचा पाठवला. बाकी मग पिवळट वाळू, मधूनमधून वाळकी जांभळी झुडपं, चावल्यावर गांध उठवणाऱ्या गोमाशा, आणि त्या वर्षीचं ऊन. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पाट्या होत्या: वाट सोडू नका, जमिनीत जुना दारूगोळा आहे, जिवाला धोका. अशा ठिकाणी माणसं पैसे देऊन सुट्टी घालवतात. मला ते वाळवंट पहिल्या मिनिटापासून आवडलं नाही, आणि त्यालाही मी आवडले नसावे, कारण बुटात शिरलेली वाळू आठवडाभर निघाली नाही.

राहायची जागा एका शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला होता. तिथली विजेची शेगडी स्वतःच्या मर्जीने तापायची. आईने पहिल्याच सकाळी थालीपीठ लावलं आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा काही कोकलला, की मालकीणबाई झाडू घेऊन वर धावल्या. तेव्हापासून रोज सकाळी आई थालीपीठ लावी आणि रायनर टॉवेल घेऊन खुर्चीवर चढून भोंग्याला वारा घालत. "नोख आइन्स!" असं वरूनच ओरडून आणखी एक मागत. आई खालून हसायची. मी बाल्कनीत बसून कोरडा पाव खायचे.

त्या वाळूत करायचं काय, तर लेटरबॉक्सिंग. हा रायनरचा छंद. पत्रपेटीशी त्याचा काही संबंध नाही. कोणीतरी हौशी माणूस रानात एक प्लास्टिकचा डबा लपवतो आणि त्याच्या खाणाखुणा कोड्यात लिहून इंटरनेटवर टाकतो: दुसऱ्या बाकाशी उभे राहा, एकट्या पाइनकडे पाठ करा, म्हातारा जिथे गुडघा टेकतो तिथे हात घाला. ‘म्हातारा’ म्हणजे वाकलेलं झाड, हे आपण ओळखायचं. डब्यात एक वही आणि एक रबरी शिक्का असतो. तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, स्वतःचा शिक्का त्यांच्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा लपवून निघून यायचं. मी विचारलं, "पण त्यात मिळतं काय?" रायनरनी खूप विचार केला आणि म्हणाले, "आल्झो, म्हणजे... डबा मिळतो."

प्रत्येकाचा शिक्का स्वतःचा हवा आणि शक्यतो स्वतः कोरलेला. रायनरचा बगळा होता, आईचं कमळ. निघायच्या आधी रायनरनी मला एक लहान पत्र्याची डबी दिली. त्यात खोडरबरात कोरलेला शिक्का होता. म्हणाले, "तुझं नाव. तुमच्या लिपीत. तुमची अक्षरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दोरीला लटकतात, मला ती दोरी फार आवडली." आईने पावाच्या कागदी पिशवीवर माझं नाव बॉलपेनने लिहून दिलं होतं, त्यांनी ते पारदर्शक कागदावर गिरवलं, उलटं केलं, आणि कित्येक संध्याकाळी भिंग लावून कोरत बसले. खोडरबरावरचं उलटं नाव कोण वाचत बसतं? मी ‘डांके’ म्हणून डबी खिशात टाकली.

पहिला डबा आईनेच शोधला. तिने कमळ उमटवलं, रायनरनी बगळा. मग डब्यातली वही माझ्यासमोर आली आणि मी शिक्का दाबून उचलला. कागदावर सुबक, रेखीव, शिरोरेषेला कुठेही न चुकलेल्या अक्षरांत उमटलं होतं: गधाली.

माझं नाव गंधाली आहे. पिशवीवरचं टिंब त्या माणसाला शाईचा डाग वाटलं होतं आणि जर्मन टापटिपीने त्यांनी तो काढून टाकला होता. मी आईकडे पाहिलं. आईने वाचलं, ओठ दाबले, आणि मग तिला असं हसू फुटलं की तिला वाळूत बसावं लागलं. रायनरही हसायला लागले, कशाला ते न कळता, केवळ ती हसते आहे म्हणून. आई डोळे पुसत मला मराठीत म्हणाली, "सांगू नकोस हं त्याला. किती दिवस कोरत बसला होता बिचारा." बिचारा तो! गाढव मी, आणि बिचारा तो. आजही कोणी ‘बिचारा’ म्हणालं की मी आधी आजूबाजूला बघते, खरं नुकसान कोणाचं झालंय ते.

पुढच्या डब्याला मी शिक्का घरी राहिला असं सांगितलं. रायनरनी तो स्वतःच्या सॅकमधून काढला, "मी आणलाय, काळजी नको." म्हणजे त्या वाळूत जिथे जिथे डबा, तिथे तिथे मी गधाली. शांतपणे, पुसल्या न जाणाऱ्या शाईत, आणि नंतर येणारा प्रत्येक माणूस ते पाहणार. त्यांना वाचता येणार नाही, असं आई म्हणाली. पण मला येत होतं ना!

पुढच्या दिवशी आम्ही सगळ्यात उंच टेकाडावर चढलो. टेकाड म्हणजे वाळूच. एक पाऊल वर, अर्धं खाली. आई पाणी घेऊन मागे राहिली होती. रायनर पुढे, गुडघ्यांवर बसून एका मुळाखालून डबा उपसत होते, कान उन्हाने लाल, मानेवर गोमाशी. मी हात लावणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी स्वतःच माझा शिक्का शाईत बुडवला, वहीत दाबला, फुंकर घातली, आणि वही दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. "बघ," ते म्हणाले, "या वेळी दोरी अगदी सरळ आली."

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मराठीत शिवी द्यावी तर त्यांना कळणार नव्हती. जर्मन शिव्या मला शाळेतल्या दोनच येत होत्या आणि त्या अशा माणसाला पुरल्या नसत्या. मला त्यांना खाली उतरवायचं होतं. आणि आपल्याकडे माणसाला खाली उतरवायचा सगळ्यात जुना मार्ग एकच. दोन बायका नळावर भांडताना ज्या क्षणी ‘अहो’ सुटतं आणि ‘अगं’ येतं, तेव्हा बघणारे मुलांना घरात घेतात. मी एकेरीवर आले. "दू!" मी ओरडले. "गाढव तू आहेस! तू! तुला वाचता येत नाही तर कोरतोस कशाला? तू माझा कोणी नाहीस, तू आमच्या घरात आलासच कशाला, दू, दू, दू!" प्रत्येक ‘दू’ मी थुंकल्यासारखा टाकला. वर्षभर जपलेली सगळी ‘झी’ मी त्या वाळूत फेकून दिली.

रायनर गुडघ्यांवरच होता. वही त्याच्या हातात तशीच. त्याचं तोंड उघडं राहिलं, आणि मग, मला वाटलं होतं तसं न पडता, ते हळूहळू उजळायला लागलं. आधी डोळे, मग गाल, मग ते लाल कान. "तू मला दू म्हणालीस," तो म्हणाला.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल, इथवर मी त्यांना ‘ते’ लिहीत आले, आणि आता ‘तो’ लिहिते आहे. मुद्दाम नाही केलं. त्या टेकाडावर माझ्या हातून जे सुटलं ते पुन्हा हाती लागलंच नाही. जर्मनमध्ये एकदा दू म्हटलं की परत झी म्हणता येत नाही. संबंधच तोडायचे असतील तर गोष्ट वेगळी. मी शिवी म्हणून जो शब्द फेकला, तो त्याने बक्षीस म्हणून झेलला. बाकी गाढव, कोणी नाहीस, कशाला आलास, हे सगळं त्याच्या कानावरून गेलं असणार, पण रागावलेली पोरगी म्हणजे असंच बोलायची, घरच्या माणसाशी. परक्याशी नाही. एवढा संताप मला आयुष्यात क्वचित आला आहे. मी आख्खं वर्ष युद्ध केलं आणि हरले ते व्याकरणात.

उतरताना तो शिटी वाजवत होता. खाली आईला त्याने पहिली गोष्ट तीच सांगितली. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला दोन्ही भाषा येत होत्या.

घरी आल्यावर रायनरने बाल्कनीत तीन ग्लास मांडले. दोनांत बियर, माझ्यासाठी सफरचंदाचा रस सोडा घालून. कोणी कोणाला दू म्हणायला लागलं की ग्लासाला ग्लास लावून ते पक्कं करायचं, अशी त्यांची पद्धत. आईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"ते ‘दू’ कसलं होतं, मला कळलंय," ती म्हणाली. "मी पण कोल्हापूरचीच आहे."

"मग सांग ना त्याला."

"मी नाही सांगणार. तूच सांग. जा, समोर बस आणि सांग की आमच्यात तू असं कोणाला म्हणतात. एवढं सांगितलंस की संपलं. सोमवारी तिकीट काढते. मी पण मग त्याला आणखी आशा लावणार नाही." तिच्या हातात ओट्याचं फडकं होतं, ती ते पिळत होती आणि ते कोरडंच होतं. "पण नाही सांगितलंस, तर मग नीट राहायचं. रोज त्याला असं टांगून ठेवायचं नाही. मला नाही बघवत आता, गंधाली."

तर असं होतं. एक वाक्य आणि कोल्हापूर. मी मनात ते जर्मनमध्ये जुळवलं, क्रियापद शेवटी टाकलं, आणि बाहेर गेले.

तो उठून उभा राहिला. पँटच्या गुडघ्यांवर अजून वाळू होती. त्याने हात पुढे केला आणि आपण आजच भेटतो आहोत अशा थाटात म्हणाला, "मी रायनर."

आता त्यावर आपलं नाव सांगायचं असतं. मी माझं वाक्य विसरले नव्हते, पण आधी नाव आलं. "गंधाली," मी म्हटलं, आणि ते तोंडातून येताच मला पुन्हा राग आला. "गं. वर टिंब आहे. तू ते खाल्लंस."

"टिंब? तो... तो डाग नव्हता?" त्याने डबी उघडून शिक्का पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "टिंब नसेल तर काय होतं?"

"गाढव."

तो खाली बसला. सकाळी भोंग्याला वारा घालून हसणारा माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. त्याने शिक्क्यावरून अंगठा फिरवला, जिथलं रबर त्यानेच कोरून काढलं होतं तिथे. ते आता परत लावता येणार नव्हतं. "आणि मी ते सगळीकडे..." तो म्हणाला. मग त्याची मान हळूच वर आली. तो इंजिनिअर होता. एक बिघाड सापडला की तो पुढचा तपासायचा. "म्हणजे तू वर ओरडलीस ते यावरून. मग ते ‘दू’..." तो थांबला. "ते पण शिवीच होती का?"

आई दारात उभी होती. मी वाक्य सांगायचीही गरज उरली नव्हती, नुसतं ‘या’, म्हणजे ‘हो’, म्हटलं असतं तरी पुरे होतं. मला ते म्हणायचं होतं. अजूनही मला वाटतं, म्हणायला हवं होतं, त्याला त्याचा हक्क होता आणि मला माझा. पण त्याने विचारताना ग्लास खाली ठेवला होता, आणि त्याचा हात शिक्क्यावर असा झाकलेला होता, जणू कोणी तोही काढून घेईल.

"तुला काय वाटतं?" मी म्हटलं. वास डेंक्स्ट दू?

त्याने तो प्रश्न मला पुन्हा कधीच विचारला नाही. आता माझ्या केसांत त्याच्या तेव्हाच्या केसांपेक्षा जास्त पांढरं आहे, तरी ते उत्तर माझ्याचकडे पडून आहे. त्याला दिलं नाही, आईलाही नाही, आणि खरं सांगायचं तर माझं मलाही रोज वेगळं मिळतं.

दुसऱ्या सकाळी थालीपीठ झालं नाही, भोंगा वाजला नाही. रायनर दारात बूट घालून उभा होता, हातात न पुसणारं काळं पेन. "तुझं नाव आहे, टिंब तूच द्यायचं," तो म्हणाला. पुन्हा तीच वाळू, त्याच गोमाशा, तेच ऊन. तो डबा उपसायचा, वही उघडून धरायचा, मी टिंब द्यायचे. इतकं जोरात, की पुढच्या पानावर खळगा पडायचा. टेकाडावरचं झालं, मधल्या डब्यांचं झालं. पहिला डबा मात्र जागेवर नव्हता. मुळाखाली नुसता खड्डा. झाकण तडकलं होतं, म्हणून ज्याने लपवला त्यानेच दुरुस्तीला नेला असेल, रायनर म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवेल परत.

आई गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर फोन. मागे वळून तिने हळू आवाजात विचारलं, "मग? ताईला काय सांगू? तिकिटाचं?"

मी बूट काढून खिडकीबाहेर वाळू झटकत होते.

"एक टिंब राहिलंय," मी म्हटलं.

आईने फोन पर्समध्ये टाकला आणि समोर बघत बसली. रायनरला मराठी कळत नव्हतं. त्याने गाडी सुरू केली आणि पुन्हा शिटी वाजवायला लागला, तीच, बेसूर. मला ती शिटी तेव्हा सहन होत नसे आणि पुढेही कधी झाली नाही.

"शिटी बंद कर," मी त्याला म्हटलं, एकेरीत.

त्याने केली नाही.